आज्जाची नाव गोठ्यात पालथी आहे. लाकडी होडीची माणसं कुठं भेटतात?

नदीकाठची | ८ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझं माहेर सदलग्याकडं, दूधगंगेच्या काठाला. लग्नानंतर बेळगावात, शहापुरात राहते.

माहेरच्या गोठ्यात एक नाव पालथी पडून आहे. माझा आज्जा तरीवर, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, नाव चालवायचा. पावसाळ्यात बाजाराची ओझी, शाळेची पोरं, शेळ्या, एखादं वऱ्हाडसुद्धा त्या नावेतून पलीकडं जायचं. मी सहा-सात वर्षांची असताना नाळेजवळ, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाला, बसून पाण्यात हात सोडलेला मला अजून आठवतो, आणि आज्जाचं ‘हात आत घे गं’ हेही. पुढं पूल झाला आणि नाव काठावर आली. आज्जा होता तोवर दर उन्हाळ्यात तिला तेल पाजायचा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही.

लांबी १८ फुटांच्या आसपास, मध्ये रुंदी साडेचार फूट, तळ सपाट. फळ्या सागाच्या, फासळ्या बाभळीच्या, असं आज्जा सांगायचा. मला ती परत पाण्यात घालायची आहे. तीन सुतार बघून गेले. तिघंही म्हणाले, चांगलं जळण होईल.

दोन गोष्टी विचारते. पहिली, आपल्या या समुद्रापासून लांबच्या भागात लाकडी होडीचं वेड असणारी माणसं सापडतात कुठं? मी सात वर्षं शोधतेय. दुसरी, सापडली तर टिकतात कशी? दोन वर्षांपूर्वी एका ग्रुपात होते. पहिला महिना रात्री बारापर्यंत गप्पा, चौथ्या महिन्यात सगळं शांत. मी टाकलेल्या नावेच्या फोटोला ३१ जणांनी हात जोडले, पण फळी का फाटली ते एकानंही विचारलं नाही.

तीन फोटो जोडलेत.

---

रंधा | ८ मार्च, रात्री ११:१५

ताई, आधी नाव. पालथी आहे तशीच राहू द्या. सुलटी करायची घाई नको. अकरा वर्षं वाळलेली नाव चार माणसांनी कडेला धरून उचलली तर मधनं पिळवटते. खाली टेकू कुठंकुठं आहेत ते बघा. दोनच असतील तर मध्ये तिसरा सरकवा.

आता माणसांचं. मी उद्यमबागेत लेथवर असतो. २०१७ साली घराच्या गच्चीवर आठ फुटी प्लायवूडची डिंगी, म्हणजे छोटी होडी, बांधायला घेतली. बेळगावात हे करणारा मी एकटाच, अशी माझी खात्री होती. डोलकाठीसाठी बिनगाठीचं, सरळ रेषेचं लाकूड हवं होतं, म्हणून दर आठवड्याला वखारीत जाऊन ओंडके उलटेपालटे करायचो. एक दिवस वखारवाला म्हणाला, ‘काय ओ, हे असलंच मागणारा आणखी एकजण येतोय की. तोही फळीच्या टोकाला डोळा लावून बघतोय.’ त्यानंच नंबर दिला. तो माणूस माझ्या घरापासून दीड किलोमीटरवर राहत होता आणि तीन वर्षं वल्ही तासत होता.

त्यामुळं माझं सांगणं असं की दुकानात शोधा. लाकडाची वखार, सॉ मिल, इपॉक्सी डिंक विकणारा, तांब्याचे खिळे करून देणारा तांबट. होडीवाल्याच्या मागण्या इतक्या वेगळ्या असतात की दुकानदार त्याला विसरत नाही. मी सहा ठिकाणी चिठ्ठी ठेवलीय, ‘होडीसाठी लाकूड मागणारा आला तर माझा नंबर द्या.’ आठ वर्षांत त्यातनं चौघं मिळाले. दिसायला कमी वाटतील. पण चौघंही आजपर्यंत आहेत.

---

वेंगुर्लेकर | ९ मार्च, सकाळी ६:५०

बाये, फोटो बघितलंय. सगळ्यांका समजूक होया म्हणून सरळ मराठीत लिहितंय.

आमच्या घरात तीन पिढ्या होड्या बांधल्या. फोटो बघून ‘छान’ म्हणणं सोपं आहे, पण फोटोवरून होडीचं खरं कळत नाही. मला हे कळवा:

फळीची जाडी किती सूत, म्हणजे इंचाचे किती आठवे भाग? फळ्या एकमेकींना टेकून बसवल्यात की एकीवर एक चढवल्यात? खिळे लोखंडी की तांब्याचे? खिळ्याभोवती लाकूड काळं पडलंय का? पडलं असेल तर किती इंचापर्यंत? नाळ जिथं तळाला मिळते तिथं सुरीचं टोक दाबा, किती आत जातं? दर फासळीला असंच करा आणि वहीत मांडा.

लोखंडी खिळा लाकडात गंजला की आजूबाजूचं लाकूडही खातो. बाहेरून फळी ठणठणीत दिसते आणि खिळ्याला पकड म्हणून उरलेली नसते. तुमच्या सुतारांना बहुधा हेच दिसलं असेल. पण खिळे मेले म्हणजे नाव मेली असं नव्हे. साग असेल आणि छपराखाली असेल तर फळ्या पुष्कळशा शाबूत निघतील.

आणखी एक, आणि हे हात जोडून सांगतो. फटी दिसतायत म्हणून त्यात इपॉक्सी किंवा कडक होणारी लांबी, म्हणजे पुट्टी, भरू नका. आता फळ्या वाळून आकसल्यात. पाण्यात गेल्या की फुगणार. फटीत दगडासारखं काही बसलेलं असलं तर फुगायला जागा राहात नाही, मग फळी फासळीवरून उचलते नाहीतर फासळीच मोडते. वरून फायबर चढवायचा सल्लाही कुणी दिला तर ऐकू नका. जुन्या फळ्या आत हलत राहतात, पाणी आत अडकतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत आतल्या आत कुजतात.

---

नदीकाठची | ९ मार्च, दुपारी १:०५

काका, सात वर्षांत मला हे प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारले. रविवारी माहेरी जाते. सुरी, टेप, वही घेऊन जाते.

---

कृष्णाकाठ | ९ मार्च, रात्री ८:३०

मी अथणी तालुक्यातला. आमच्याकडं ही माणसं शोधायची तर ‘होडीचा छंद कुणाला आहे’ असं विचारून भागत नाही. ‘हितला अंबी कोण?’ असं विचारावं लागतं. अंबी म्हणजे नावाडी. अंबी, कोळी, भोई यांच्या घरात नाव नसली तरी वल्हं असतंच, माळ्यावर नाहीतर आढ्याला बांधलेलं. काही घरांत अंबिगर चौडय्यांचा फोटो असतो. बाराव्या शतकातले शरण, म्हणजे शिवभक्त संत, वचनं लिहिणारे, स्वतः नावाडी. त्या घरात चहा घेतल्याशिवाय उठू नका. पहिल्या चहाला कुणी बोलत नाही, दुसऱ्याला बोलतात.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा गावात शिरली तेव्हाचं सांगतो. रस्ता गेला, वीज गेली. माणसं गुळाच्या काहिलीत बसवून काढली आम्ही. काहील गोल, तिला ना नाळ ना सुकाणू, धारेत भिरभिर फिरते. आत बसलेल्या म्हाताऱ्या डोळे गच्च मिटून घ्यायच्या. तेव्हा गावात पाणी वाचणारी दोनच माणसं उरली होती, दोघंही सत्तरीच्या पुढची. कुठं ओढ आहे, कुठं विजेची तार पाण्याखाली आहे, कुठं विहीर आहे, हे ती दोघंच सांगत होती. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा त्यातला एक नव्हता.

तेव्हापासून मी गावोगाव फिरून अशा माणसांची वही करतोय. आमच्या भागात दोन्ही भाषा नांदतात, म्हणून शब्द दोन्हीकडचे लिहितो. वल्हं आणि हुट्टु, होडी आणि दोणी. टोपलीसारख्या गोल नावेला कन्नडात हरिगोलु म्हणतात. काही शब्द कुठले ते सांगणाऱ्यालाही माहीत नसतं.

ताई, तुमच्या सदलग्याकडं तरीवरचा जुना नावाडी अजून कुणी असेल तर आधी त्यांच्याकडं जा. नाव आणखी वर्षभर थांबेल. त्यांचं सांगता येत नाही.

---

सागवान | १० मार्च, सकाळी १०:२०

वर ‘रंधा’ यांनी प्लायवूडच्या डिंगीचं लिहिलंय. कुणाला दुखवायचं नाही, पण ती लाकडी होडी आहे का? चार थर डिंकानं चिकटवले की लाकूड होतं का? पुढं फायबरवालेही येतील. मग आपण नेमके कशासाठी एकत्र आलो?

---

रंधा | १० मार्च, रात्री १०:००

सागवान, प्रश्न बरोबर आहे. या प्रश्नावर मी दोन ग्रुप फुटलेले बघितलेत, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडची हवा बघा. मार्च ते मे बेळगावच्या पूर्वेला कसला कोरडा वारा वाहतो. कृष्णा काही ठिकाणी चालत ओलांडता येते. फळ्यांची नाव वर्षातले सात-आठ महिने जमिनीवर राहिली तर दरवेळी वाळणार, फाटणार, आणि दरवेळी पहिले चार दिवस गळणार. ज्याच्या घरामागं नदी आहे त्याला ते जमतं. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, होडी गाडीच्या टपावर बांधून राकसकोपच्या बाजूला नाहीतर हिडकलकडं नेतो. मला प्लायच हवं. माझ्याकडं दुसरा रस्ताच नव्हता.

आणि प्लायनंच जगात कितीतरी माणसं एकत्र आणली. १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्सनं लहान मुलांसाठी ऑप्टिमिस्ट नावाची होडी आखली, साधी पेटीसारखी. आज जगभर कितीतरी मुलं शीड शिकतात ती तिच्यावरच. १९६३ ला ब्रिटनमध्ये मिरर डिंगी आली, सुमारे ११ फुटी, शीड लाल. प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेनं शिवायचे आणि सांध्यावर फायबरची पट्टी रेझिननं बसवायची. घरच्या गॅरेजात बांधता येईल अशी. सत्तर हजारांच्या वर झाल्या. प्रत्येकीच्या शिडावर तिचा नंबर. कुठल्याही तळ्यावर दोन नंबर शेजारी लागले की मालकांना ओळख करून द्यावी लागत नाही. दोघांनी तोच सांधा घासलेला असतो, दोघांची तीच चूक झालेली असते.

प्लायचंही इमान असतं, पण ते तपासून घ्यावं लागतं. माझ्या पहिल्या डिंगीला एका दुकानातून ‘आयएस ७१०’ म्हणून, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लाय म्हणून, सहा मिलीचे तीन पत्रे घेतले. शिक्काही होता. दुसऱ्या पावसाळ्यात तळ पापडासारखा सुटला. सात महिन्यांच्या रात्री गेल्या त्यात. खऱ्या ७१० च्या तुकड्याला ७२ तास उकळण्याची चाचणी असते. आता मी पैसे द्यायच्या आधी चार बोटं रुंद तुकडा मागून घेतो आणि घरी चार तास उकळतो. खोटा असेल तर बहुतेक वेळा तेवढ्यातही थर सुटतात. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! सांगणारा, तो वल्ही तासणारा, माझ्या घरापासून दीड किलोमीटरवर होता. आमची भेट त्यानंतर झाली.

---

खानापुरी | ११ मार्च, सकाळी ७:३०

यात आमच्या तालुक्याचं एक आहे ते सांगतोच.

म्हादई आमची. भीमगडच्या रानात, देगावच्या बाजूला उगवते आणि गोव्यात जाऊन मांडवी होते. तिचंच नाव नौदलाच्या शिडाच्या नौकेला दिलं, आयएनएसव्ही म्हादेई. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली, ५६ फुटी, २००९ च्या फेब्रुवारीत नौदलात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटे निघाले आणि २०१० च्या मेमध्ये पृथ्वीची फेरी मारून परत आले. नंतर अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठंही न थांबता फिरून आले. मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि पूर्वेला जाते, म्हादई पश्चिमेला. शेजारशेजारच्या डोंगरातल्या दोघी, आणि एकीचं नाव दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून आलं. मी मुलांना शाळेत हे सांगतो तेव्हा वर्ग चिडीचूप होतो.

आता सागवान यांचा प्रश्न. म्हादेईचं अंग लाल देवदाराच्या पट्ट्यांचं आणि त्यावर फायबर. तिला लाकडी म्हणायचं की नाही? दांडेकरांच्याच लोकांनी पुढं गोव्यात कौंडिण्य ही शिडाची नौका बांधली. अजिंठ्यातल्या चित्रावरून आकार घेतलेली, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या, राळ लावलेली, एकही खिळा नाही अशी. ती २०२५ च्या मेमध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. शिवण्याचं काम केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी केलं. म्हणजे काथ्यानं शिवणारे आणि फायबर लावणारे एकाच आवारात नांदले. आपल्याला इथं भांडायचं कारण मला तरी दिसत नाही.

ताई, नवी फळी लागली तर सागाचं लाकूड पावतीनंच घ्या आणि नेताना वन खात्याचा वाहतूक परवाना बरोबर ठेवा. महाराष्ट्राच्या हद्दीतून न्यायचं झालं तर दोनदा विचारतात.

---

सागवान | ११ मार्च, रात्री ९:१०

म्हादेईचं मला माहीत नव्हतं. माझे शब्द जास्त झाले. रंधा, तुमची डिंगी बघायला येऊ का?

---

रंधा | ११ मार्च, रात्री ९:२५

या की. रविवारी सकाळी. जिना अरुंद आहे, तेवढं सांभाळा.

---

पहिलंवल्हं | १२ मार्च, रात्री ११:५०

मी चिकोडीचा, वय २२, डिप्लोमा चालू. मला होडीतलं काहीही येत नाही. पोहायला येतं, बस्स. मागं एका ग्रुपात ‘प्लायवूड आणि ब्लॉकबोर्डमध्ये फरक काय’ असं विचारलं तर ‘आधी वाचून ये’ म्हणाले. तेव्हापासून सगळीकडं फक्त वाचतो, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं. माझ्याकडं द्यायला काही नाही. पण सदलगा मला जवळ आहे, मोटारसायकल आहे, आणि उचलायला हात आहेत.

---

वेंगुर्लेकर | १३ मार्च, सकाळी ६:३०

बाळा, पालथी नाव सुलटी करायला आठ माणसं लागतात. तुझे हात हेच देणं.

ब्लॉकबोर्डात मधे लाकडाच्या पट्ट्या असतात आणि वरून थर. पट्ट्यांच्या मधल्या पोकळीत पाणी शिरलं की संपलं. प्लाय सगळं थरांचं, एक थर आडवा, एक उभा. होडीला प्लायच. आता कुणी विचारलं तर तू सांगायचं.

मी लहान असताना बापाच्या हाताखाली पहिली दोन वर्षं फक्त फटीत कापसाची वात ठासायचं काम केलं. बाप बोलायचा नाही. वात सैल बसली की पटाशीनं उपसून काढायचा आणि परत माझ्या हातात द्यायचा. आमच्या आवारात तेव्हा अकरा माणसं काम करायची. आता तिकडं फायबरच्या होड्यांचे साचे आहेत. मी त्यांना वाईट म्हणत नाही, माशाच्या धंद्यात त्या परवडतात. पण माझ्याकडं हत्यारं आहेत, वाकस आहेत, किंकरी आहेत, भोकं पाडायचं बापाचं गिरमिट आहे, आणि विचारणारं कुणी नाही. म्हणून सकाळी सहाला उठून हे वाचतो.

---

नदीकाठची | १७ मार्च, रात्री ९:००

काका, वही झाली. फळी आठ सूत, म्हणजे पुरती एक इंच. फळ्या टेकून बसवलेल्या. खिळे लोखंडी, चौकोनी डोक्याचे. काळेपणा बहुतेक ठिकाणी अर्धा इंच, नाळेजवळ दोन इंच. सुरी फासळ्यांत कुठंच जात नाही. नाळेजवळच्या तळाच्या दोन फळ्यांत मात्र लोण्यात जावी तशी गेली.

कृष्णाकाठ दादा, तुमचं ऐकलं. आज्जाच्या बरोबरीचे एक नावाडी पलीकडच्या गावात आहेत, ८० च्या पुढचे. त्यांना भाच्याच्या रिक्षातून आणलं. ते कुणाशी बोलले नाहीत. नावेभोवती फिरले आणि बोटाच्या गाठीनं एकेक फळी ठोकत गेले. ‘ही खणखणीत. ही बी. ही बी.’ नाळेजवळ आले आणि थांबले. ‘हितं बद्द वाजतंय.’ माझ्या सुरीनं दाखवलेल्या त्याच दोन फळ्या. मी वही दाखवली तर म्हणाले, वाचता येत नाही, वाचून दाखव. सगळी वाचून दाखवली. मग म्हणाले, ‘तुझ्या आज्जानं नाळेकडची बाजू कायम चिखलात ओढली, मी शंभरदा सांगितलं हुतं.’ आणि रडले.

एक सांगायचं राहिलं. तिथं बघायला आलेले सगळे माझ्या भावाशी बोलत होते. माप मी घेतलं, प्रश्न मी विचारला, उत्तर भावाकडं बघून. नावाडी आजोबा तेवढे माझ्याशी बोलले. इथंही कुणी माझ्या भावाला विचारलं नाही, म्हणून मी इथं परत परत येते.

---

रंधा | १७ मार्च, रात्री १०:४०

ताई, दोनच फळ्या! तुमची नाव जगणार.

फळ्या काढायच्या आधी आतून प्लायचे तीन आडवे साचे कापून बसवा, नाहीतर फळी सुटली की आकार पसरतो. दोन्ही एकदम काढू नका. एक काढा, तिच्यावरून नवी आखा, बसवा, मग दुसरी. नाळेकडच्या वळणाला एक इंची साग तसाच वाकणार नाही. वाफ द्यावी लागेल. इंचाला एक तास, हा साधा हिशेब. पीव्हीसी पाइप गरमीनं मऊ पडतो, म्हणून लाकडाची लांब पेटी करूया. उसाच्या भागात चुलाण मिळायला अडचण नको. खिळे तांब्याचे, आतून चकती घालून ठोकायचे. चकत्या मी लेथवर काढून देतो. ४०० लागतील असं धरतो.

---

कृष्णाकाठ | १८ मार्च, सकाळी ८:००

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही. टिकतात कशी.

मी बघितलेले जे ग्रुप मेले ते सगळे ‘छंद’ म्हणून चालू झाले होते. छंदाला सणवार आडवा येतो, नोकरी येते, परीक्षा येते. जो एक टिकला तो सांगतो. सांगलीकडं कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, बघितल्या असतील. तिथल्या वल्हेकऱ्यांशी ओळख आहे. त्यांना विचारलं, तुमचं मंडळ इतकी वर्षं कसं टिकलं? एकजण म्हणाला, ‘होडी लांब आहे ओ. एक गडी कमी आला तरी बाकीच्यांच्या हातात कळतंय.’ एखादा आला नाही तर त्याच्या घरी माणूस जातो. आपल्याकडं फोटो टाकला नाही तर कुणाला कळतंय?

दुसरं पैशाचं. सामायिक वर्गणी काढू नका. आमचा एक चांगला गट १२०० रुपयांच्या हिशेबावरून मोडला. ज्यानं त्यानं वस्तू आणावी. रंधा चकत्या आणणार, खानापूरकर लाकूड बघणार, असं.

आणि पाण्याचं काम आहे म्हणून सांगतो. कृष्णेत मगरी आहेत, आमच्याकडं सर्रास दिसतात. धरणाच्या पाण्यात उतरायचं तर खात्याला आधी विचारा. लाइफ जॅकेटशिवाय कुणी बसायचं नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी. एक माणूस गेला की अख्खा गट जातो. मी एकदा ते बघितलंय, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

---

खानापुरी | १८ मार्च, दुपारी ४:१५

माझी सूचना. महिन्याचा दुसरा रविवार, ताईंच्या माहेरच्या गोठ्यात. कुणी येवो न येवो, दोघं असले तरी काम चालू. काय झालं ते त्याच रात्री इथं लिहायचं, मापासकट. ज्याला यायला जमलं नाही तो वाचून पुढचं सांगेल. वेंगुर्लेकर काका घाट चढून दरवेळी येऊ शकत नाहीत, पण त्यांना दिसलं पाहिजे.

लिहायचं काम पहिलंवल्हंकडं द्यावं. नवीन माणूस लिहितो तेव्हा काही सोडत नाही.

---

पहिलंवल्हं | १२ एप्रिल, रात्री १०:३०

आजचा वृत्तांत. आलो सहाजण. रंधा काका, सागवान काका, खानापूरचे सर, कृष्णाकाठ दादा, ताई आणि मी. गावातले नावाडी आजोबा खुर्चीवर बसून होते. ताईंचा भाऊ सकाळी लांबून बघत होता, दुपारी शर्ट काढून खाली झोपून खिळे उपसत होता.

टेकू आता चार. तीन साचे बसवले. डावीकडची खराब फळी काढली, लांबी ७ फूट २ इंच, नाळेकडं निमुळती होत सव्वातीन इंच. तुटलेले खिळे ४६, शाबूत ११. फळी काढल्यावर आत नाळेचं लाकूड दिसलं, ते पक्कं आहे. आजोबांनी हात लावून बघितलं आणि ‘शिसव’ म्हणाले. सागवान काकांनी वास घेतला, तेही शिसवच म्हणाले.

एक अडचण. नाळेच्या खाचेत जुनी राळ दगडासारखी झाली आहे, जाडी तीन सूत. पटाशीनं उडवायला गेलो तर लाकडाचा कपचा निघाला, छोटा, नखाएवढा. थांबलो. वेंगुर्लेकर काका, ती कशी काढायची?

जेवायला ताईंच्या आईनं भाकरी, झुणका आणि ठेचा केला होता.

---

वेंगुर्लेकर | १३ एप्रिल, सकाळी ५:५५

थांबलास ते बरोबर केलंस. ठोकू नको. लोखंडी सळई तापवून राळेवर नुसती टेकवायची, लाकडाला लागू द्यायची नाही. राळ मऊ झाली की बोथट लाकडी खुंटीनं उचलायची. एका वेळी दोन इंच. दिवस जाईल, जाऊ दे. खाली ओलं गोणपाट आणि जवळ पाण्याची बादली.

कपचा टाकून दिला नाही ना? डब्यात ठेव, परत चिकटवू.

मी मेच्या दुसऱ्या रविवारी येतोय. मुलगा गाडीनं आंबोलीमार्गे आणून सोडेल. बापाचं गिरमिट आणतोय, त्याचं टोक जरा झिजलंय. रंधा, तुमच्या लेथवर बघाल का?

---

रंधा | १३ एप्रिल, सकाळी ७:१०

आणा काका. आदल्या दिवशी आमच्याकडंच उतरा, रात्रीत करून टाकू. चकत्या २६० झाल्या.

---

नदीकाठची | १३ एप्रिल, रात्री ९:३०

कपचा मी ठेवलाय, आज्जाच्या चुन्याच्या डबीत. आई विचारतेय, मेच्या रविवारी किती भाकऱ्या? आठ माणसं धरू की दहा?

---

सागवान | १३ एप्रिल, रात्री ९:४५

दहा धरा. माझी मुलगी येतो म्हणतेय. आणि वाफेच्या पेटीला लागणाऱ्या फळ्या माझ्याकडं आहेत, शनिवारी टेम्पोत घालतो.